अण्णांची न सुटणारी मूठ

प्रिय अण्णा,

वैष्णवीने मैदानावरून येताच फर्मान काढलं, "आई, आजोबांना आत्ताच्या आत्ता लिही!" तुमचीच नात, दम कुठला! म्हणून नागापूरच्या खोलीत कुकर लावून लिहायला बसलेय.

काष्टीचा बैलबाजार आठवतो का हो? रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. नाही पटलं की हात सोडायचा. तुमचा सुटायचाच नाही! व्यापारी किसनमामा ओरडायचे, "सोडा की वो! हात हाय का सांडशी?" आणि तुम्ही मिशीत हसायचात, "पटंस्तवर सोडत न्हाई." सगळा बाजार तुम्हाला चिकट म्हणायचा.

पण मूठ आपोआप आवळून बसते, हे आईलासुद्धा सांगितलं नाहीत. इतका कसला ताठा, अण्णा?

तेच नातीत उतरलं. खो-खोत बसलेली असायची, खो मिळाला की पाय जागीच लाकूड! चार पावलं गेली की मोकळे. सर म्हणाले, "आळशी आहे, बाहेर बसवा." पोर रात्रभर रडली.

नगरला डॉक्टरांनी तिला मूठ घट्ट मिटून उघडायला सांगितली. एकेक बोट सावकाश सुटलं. मी ओरडलेच, "अगं बाई, ही तर आमच्या अण्णांची मूठ!"

डॉक्टर म्हणाले, "स्नायूत क्षारांचे कण ये-जा करतात. सोडियम आत शिरलं की स्नायू आवळतो, क्लोराईड त्याला शांत करतं. हिची क्लोराईडची वाट बिघडलीय. गोळी सोडियमला जरा आवरेल, मग स्नायू वेळेवर सैल होईल."

"मग जेवणातलं मीठ कमी करू?"

"नाही हो ताई, त्याचा काही संबंध नाही!"

आधी हृदयाची तपासणी केली, मग गोळी सुरू झाली. आजार जाणार नाही, आटोक्यात राहील म्हणे.

आज संघाची निवड होती. माझा जीव टांगणीला. पाठीवर थाप पडली, "खो!" आणि पोरगी उठली, अण्णा! उठली ती पळतच सुटली. संघात घेतलं तिला! मी मैदानातच रडले.

ही गोळी तुमच्या हयातीत तुम्हाला मिळायला हवी होती, फार वाटतं. पण बाजाराच्या गर्दीत माझा हात धरलेली तुमची मूठ, ती मात्र सुटली नसती तरी चाललं असतं.

पुढच्या बाजारी वैष्णवीला घेऊन काष्टीला जाणार. किसनमामा थकलेत, पण येतात अजून. त्यांच्या हातात हिचा हात देईन आणि सांगेन, आमचे अण्णा चिकट नव्हते. हा माझा शब्द.

तुमचीच,
सुमन