मघा म्हटलं की तिघी उभ्या

७ जानेवारी, बुधवार

हरलो. यमुनापारच्या कॉलेजकडून, सरळ तीन सेटमध्ये, आमच्याच मैदानावर. नोटीसवर ‘मैत्रीपूर्ण व्हॉलीबॉल सामना’ असं लिहिलं होतं.

पूनमचे हात मंदावलेत. सेटर ती. चेंडू कुणाला उचलून द्यायचा ते तिनं ठरवायचं, ओरडून सांगायचं आणि द्यायचं. ओरडते झकास. चेंडू देईपर्यंत जाळीपलीकडे तिघी हात वर करून तयार. बस येणार हे आधीच कळल्यासारख्या.

त्यांची कोच सविता. आमची पहिली सेटर, पहिला कप तिच्याच हातचा. जाताना वाकून पाया पडली. आधी हरवायचं आणि मग पाया पडायचं, ही इथली रीत इतक्या वर्षांनीही मला झेपत नाही.

घरी श्रीधर म्हणाला, “बायको जिंकली की जेवण उशिरा, हरली की जेवणच नाही. खिचडी टाकलीय.” खाल्ली. मिठाला कमी होती. लोणचं घेतलं.

९ जाने., शुक्र.

प्रिं.कडे बोलावणं. चहासोबत काजू. म्हणजे बातमी वाईट.

शेजारी गुरुग्रामच्या कुठल्याशा अकॅडमीचे एक सद्गृहस्थ, टीशर्टवर स्वतःचंच नाव. यंदा आंतर-महाविद्यालयीन कप आला नाही तर पुढच्या सत्रापासून टीम यांच्याकडे. मी ‘मेंटॉर’. म्हणजे वर्षातून एकदा स्टेजवर शाल घ्यायची. “मैडम जोगलेकर, बुरा मत मानिए, आप तो संस्कृत की हैं.” कप येतो तेव्हा हेच प्रिं. पाहुण्यांना सांगतात, “देखिए, हमारी संस्कृतवाली मैडम!” विशेषण एकच, विभक्ती सोयीनुसार.

परवाचा सामना बघून आलेल्या सद्गृहस्थांचा प्रश्न: “ये स्वाती कौन-सी लड़की है? सब उसी को बुला रही थीं.”

मग सांगावं लागलं. स्वाती कुणी नाही. नक्षत्रं आहेत. मघा म्हणजे मधोमध झटपट, चित्रा म्हणजे सेटरच्या पाठीमागे, स्वाती म्हणजे डाव्या टोकाला उंच. कुठे लिहून ठेवलेलं नाही. जाणारी सेटर शेवटच्या सरावाला येणारीच्या कानात सांगते, गुळाचा खडा तोंडात घालते. झालं. पहिल्या कपापासून एक अक्षर बदललेलं नाही आणि बाहेर कुणाच्या बापाला कळलेलं नाही.

फार अभिमानाने सांगितलं. ते मोबाइल बघत होते.

१२ जाने., सोम.

हवा इतकी वाईट की मैदानी खेळ बंदचा आदेश. सराव व्हरांड्यात. वरच्या मजल्यावरून इकॉनॉमिक्सवाल्यांची तक्रार, आवाज होतो म्हणे. चेंडूचा आवाज व्हायचाच, बाई. मागणी-पुरवठा नाहीये ते.

पूनम आज म्हणाली, “मैडमजी, बोल बदल दो. मैं मघा कहूँ, अर तीन जनी पहले तै खड़ी मिलैं सैं.”

परंपरा म्हणजे काय यावर मी तिला व्याख्यान दिलं. वेद हजारो वर्षं नुसते तोंडी राहिले, मात्रा हलली नाही, वगैरे. सगळ्या मुली माना डोलवत होत्या. पूनम शांतपणे, तिच्या हरियाणवीत (‘कोनी’ म्हणजे नाही):

“मैडमजी, वेदां के सामने कोई ब्लॉक कोनी लगावै था.”

व्हरांडाभर हशा. मी तिला जिने चढ-उतर करायला लावले. हात मंद आणि जीभ तेवढी जलद.

(वाक्य चांगलं होतं. म्हणूनच जास्त राग आला.)

१४ जाने., संक्रांत

सविता द्वारकेला आमच्या घरी आली. दर वर्षी येते. मी तिळगूळ देते, ती गजक आणते. “तिळगूळ घ्या, गोड गोड बोला,” हे तिला माझ्या लेकीपेक्षा स्वच्छ येतं. मुक्ताने ‘हलवा’ आणि ‘हलव्याचे दागिने’ यात गाजर घातलं.

गप्पा. तिची नोकरी, तिचे गुडघे. मग सहज: “मैम, पूनम बहुत अच्छी है. उसको थोड़ा खुला छोड़िए.”

म्हटलं, “सुटलेलीच आहे. बांधायचा प्रयत्न चाललाय.”

हसली. मला शिकवते! ही मुलगी पहिल्या वर्षाला चेंडूला घाबरून डोळे मिटायची.

१८ जाने., रवि.

गटातला सामना, पुन्हा यमुनापार. पुन्हा हरलो. बाकीचे जिंकल्यामुळे उपांत्य फेरी गाठली, पण त्या गाठण्याला चव नाही.

कळलं.

दुसऱ्या सेटमध्ये पूनम ओरडली, “चित्रा!” आणि त्याच श्वासात सवितानं बाकावरून नुसतं म्हटलं, “पीछे.” मी वळून पाहिलं. तिनंही पाहिलं. हात जोडले.

मंद हात वगैरे काही नाही. त्या कोर्टावर माझी नक्षत्रं माझ्याइतकीच पाठ असलेली बाई बसलेली आहे, आणि मी आठवडाभर एका पोरीला जिने चढायला लावतेय. बाहेर कुणाला माहीत नाही असं मी म्हणत होते, त्यात सविता ‘बाहेर’ आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमचीच ना ती.

शिष्याकडून हार व्हावी अशी इच्छा गुरूने धरावी म्हणतात. म्हणणारे बहुधा अकॅडमीला टीम देऊन मोकळे झालेले असावेत.

१९ जाने.

सविताला फोन केला. म्हटलं, हे बरं नाही.

“मैम, कान काट लूँ अपने? आपने ही तो कहा था, जो एक बार कान में पड़ गया, वो भूलना नहीं.”

असं मी म्हणाले होते. पुष्कळांना म्हणाले होते. बाकीच्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. जिला आठवायला नको होतं तिला तेवढं…

फोन ठेवल्यावर श्रीधर: “हेका सोड.” मुक्ता: “बाबा, हेका म्हणजे काय?” “तुझ्या आईचं माहेरचं सामान.”

२२ जाने.

बोल बदलले. मी. रात्रभर विचार करून नद्या घेतल्या. गोदा, तापी, कृष्णा. मुली चटकन शिकल्या. तापीचं ‘टापी’ होतं, होऊ दे.

पूनमला विचारलं, कसं वाटतंय? “ठीक सै, मैडमजी.” ‘ठीक सै’मध्ये तिनं जे काही भरलं होतं ते ऐकू न आल्यासारखं केलं. जिन्यांबद्दल मलाच तिला काही म्हणायचं होतं. जमलं नाही. माझ्या डब्यातला गुळाचा लाडू दिला. खाल्ला तिने, पण माझ्याकडे बघत बघत.

२८ जाने., बुध.

उपांत्य जिंकलो! गोदा तर वाहतच होती. प्रिं.नी लांबून अंगठा दाखवला. अंगठा अजून तळ्यात-मळ्यात.

सविता प्रेक्षकांत, डबा घेऊन. फायनलला समोर तिचीच टीम. बाहेर पडताना पार्किंगमध्ये गाठलं.

“मैम, नदियाँ अच्छी हैं. मुझे पता था, आप नदियाँ ही लेंगी. फूल आपको लाड़-प्यार लगते हैं, और ग्रह आपको अपशकुनी.”

खरं आहे. दोन्ही खरं आहे. घरी येऊन भाजी चिरताना लक्षात आलं की पुढचा पर्याय म्हणून मी पर्वत धरले होते, आणि तेही तिला आताच माहीत असणार. कुलूप बदलून काय उपयोग, किल्ली माझ्या डोक्याच्या आकाराची आहे आणि ते डोकं तिला पाठ.

श्रीधरचा प्रश्न: “मग तिनं तुला आधीच सांगितलं कशाला? गप्प बसली असती तर फायनल खिशात होती.”

भाजी करपली.

३० जाने.

सरावानंतर पूनमला थांबवलं. म्हटलं, बोल तू ठरव. नवे. तुझे.

“अर आपनै कद बताऊँ?”

“मला नाही सांगायचं.”

“आपनै भी कोनी?”

“मलाच नाही.”

चेंडू काखेत मारला. मग म्हणाली, “मैडमजी, आप बेंच पै बैठ कै करोगे के?”

चांगला प्रश्न आहे. पंधरवड्यापूर्वीच विचारायला हवा होता कुणीतरी.

जिन्यांचंही बोलले शेवटी. म्हटलं, चूक माझी होती. पोटरीवर थाप मारून म्हणाली, “कोई ना. पिंडली तगड़ी हो गी.”

संध्याकाळी सगळ्या मुनिरक्याला, पूनमच्या खोलीवर. खाली मोमोवाल्याजवळ मी रिक्षा थांबवली, वर केळी पाठवली, वर गेले नाही. खिडकीतून ओरडण्याचा आवाज, मग हसणं, मग घरमालकिणीचा आवाज, मग पुन्हा हसणं. शब्द कळले नाहीत. कान लावला होता हे इथे लिहिते, बाहेर नाकारेन.

३१ जाने., शनि.

बाकावर बसून लिहितेय. वॉर्म-अप चालू आहे. समोर प्रिं., शेजारी टीशर्टवाले सद्गृहस्थ.

पूनम ओरडली, “गीज़र!” आणि डाव्या टोकाहून एक उडाली. मग “आंटीजी!” मधून दोघी एकदम. “किराया!” कुणीच उडालं नाही, चेंडू पूनमनंच हळूच पलीकडे टाकला. बाकावरच्या मुली तोंड दाबून हसतायत. माझ्याच टीममध्ये मला काही कळत नाहीये. हात कुठे ठेवावेत तेही.

पूनम आत्ता येऊन गेली. पाया पडली नाही. खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला, कानात काही सांगितलं नाही, पळाली.

पलीकडून सविता माझ्या चेहऱ्याकडे बघतेय. नेहमीसारखी, वाचायला. बघ बाई. आज तिथे काही नाही.

तिच्या कपाळाला आठी पडलीय. माझ्यासारखीच.

नाणेफेक झाली. सर्व्हिस त्यांची. पूनम तोंड उघडतेय