मधल्या खोलीचा रंग

देऊळघाट,
ता. २१ फेब्रुवारी १९६६

प्रिय आशा,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, जावईबापू आणि सासूबाई-सासरे खुशाल असतील. माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. एरवी तुझे बाबाच दोन ओळींचं कार्ड टाकतात आणि शेवटी 'मावशीचा आशीर्वाद' लिहून माझंही काम उरकून टाकतात. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला अक्षर वळायला वेळ लागतो. पण या वेळचं कार्डावर मावणार नाही, म्हणून वहीची पानं फाडून बसले आहे. बाबा वांगी घेऊन बुलढाण्याच्या बाजाराला गेलेत. संध्याकाळपर्यंत घर माझंच आहे.

बातमी अशी की आपलं घर आतून रंगवलं. दरवर्षीसारखा चुना मारला असं नाही, बुलढाण्याहून रंगारी आणून, पैसे मोजून रंगवलं. पौषात बाबा सुलतानपूरला तुझ्याकडे येऊन गेले, तेव्हापासून घुमे झाले होते. जेवताना भिंतीकडे बघत बसायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "यंदा घर रंगवून घेऊ. चांगलं, शहरातल्यासारखं." यंदा मिरचीला भाव बरा लागला, हे खरं. पण तुझे बाबा म्हणजे धोतर फाटेपर्यंत दुसरं न घेणारा माणूस. मला वाटलं, बोलतील आणि विसरतील.

विसरले नाहीत. आठवड्यात किसनराव रंगारी दारात उभा. उंच, वाळका, साठीचा माणूस, टोपीवर सगळ्या रंगांचे शिंतोडे. आल्या आल्या चहा मागितला आणि चहा होईपर्यंत घरभर हिंडून बोटाच्या पेरांनी भिंती वाजवल्या. जिथं आवाज पोकळ आला तिथं कोळशानं फुली मारली. बैठकीत अकरा फुल्या झाल्या. मग टेप काढून लांबी-उंची मोजली, विडीच्या पाकिटावर आकडे मांडले आणि म्हणाला, "एकशे साठ."

बाबांच्या मनात पन्नास होते. त्यांनी पाकिटावरचे आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाले, "एवढ्यात तं एक गोऱ्हा येते, किसनराव."

"गोऱ्हा आना मंग," तो शांतपणे म्हणाला. "दहा वर्सं तो पोसा. हा रंग दहा वर्सं चारा मागत नाही."

मला हसू आलं, पण बाबांकडे पाहून गिळलं. मग त्यानंच समजावून सांगितलं. लोकांना वाटतं पैसा रंगाचा असतो. रंगाचा पैसा कमीच. जुना चुना खरवडायचा, पोकळ गिलावा पाडून नवा भरायचा, भेगांत लांबीचा लगदा भरायचा, तो वाळला की काचकागदानं घासायची, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. आठ-दहा दिवस दोन माणसं राबणार, त्यात रंग फासायचे दिवस तीनच. "भिंतीच्या वरचं कोनीबी करते," म्हणाला, "पैसे भिंतीच्या आतल्याचे हायेत." शेवटी एकशे पस्तीस आणि दोन्ही माणसांचं दुपारचं जेवण आमच्याकडे, यावर ठरलं. बैठकीत खाली चार फूट तेलाचा रंग, वर डिस्टेंपर. मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात नुसतं डिस्टेंपर. मी मध्ये बोलून स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीलाही तेलाचा रंग कबूल करून घेतला, कारण धुरानं काळी होते आणि पुसता आली पाहिजे. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. एवढी घासाघीस मी कोथिंबिरीच्या जुडीवरही कधी केली नव्हती.

बैठक पाच दिवसांत झाली. फिका बदामी रंग, खाली तपकिरी पट्टा. शेजारच्या मनकर्णाबाई रोज येऊन बघून जात. त्यांनी दोनदा बोट लावून पाहिलं आणि दोन्ही वेळा बोट रंगलं, तर किसनराव म्हणाला, आता तिसऱ्या बोटाचे पैसे पडतील. घरात तेलाचा वास एवढा की आम्ही चार रात्री अंगणात झोपलो. पण खरं सांगते, सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि ती भिंत उजळली, तेव्हा या घरात बारा वर्षं राहूनही मला पहिल्यांदा पाहुणी आल्यासारखं वाटलं. चांगलं वाटलं.

आता जे सांगायचं ते मधल्या खोलीचं. तुझी खोली.

सहाव्या दिवशी किसनराव तिथं खरवडायला बसला. दुपारी मी भाकरी घेऊन बोलवायला गेले, तर तो हातातली खरवडायची पत्री थांबवून भिंतीला नाक लावून बसलेला. म्हणाला, "बाई, हे पाहा. कोनाचा हात हाय हा?"

मी पाहिलं. पांढऱ्या चुन्याचे पापुद्रे निघाले होते, एकाखाली एक, बारा वर्षांचे. आणि सगळ्यांत खाली ताटाएवढ्या जागेत निळसर हिरवा रंग उघडा पडला होता. इतका कोवळा की मी हात पुढं केला आणि मागं घेतला. किसनरावानं थोडी भुकटी अंगठ्यावर घेऊन चोळली. "हा बाजारातला रंग नाही. चुन्यात मोरचूद घातला हाय. मिरचीवर मारता ना, तोच. पन एकसारखा उतरलाय, डाग नाही कुठं. ज्यानं केलं त्यानं मन लावून केलं."

आशा, त्या रंगावरचा पहिला पांढरा हात माझा होता.

तुला आठवत असेलच. मला तो दिवस किसनराव येईपर्यंत वेगळाच आठवत होता. माझी या घरातली पहिली दिवाळी. माझं माहेर हिवऱ्याचं, तिथं दिवाळीला भिंत दुधासारखी पांढरी, वर निळीचा हलका हात, अशी रीत. नव्या घरात आपला हात दिसावा अशी हौस होती. घागरभर चुना भिजवला आणि सगळ्यात आधी मधली खोली घेतली. भिंतीला काहीसा हिरवट रंग होता, जागोजाग पुसट झालेला. मला वाटलं जुना झालाय. तू दारात उभी होतीस, नऊ वर्षांची, दोन वेण्या. मी हसून म्हटलं, ये, तूही मार. तू आत आलीस, ओल्या भिंतीवर तळवा टेकवलास, पांढरा झालेला हात पाहिलास आणि विहिरीवर जाऊन धुऊन टाकलास. त्यानंतर दीड महिना तू माझ्या हातचं जेवली नाहीस. मनकर्णाबाईंकडे जेवायचीस. मला सगळ्यांनी सांगितलं, सावत्र आई आली म्हणजे पोरी अशाच वागतात, हळूहळू निवेल. मीही तेच धरून बसले. तू निवलीस, पण जवळ आली नाहीस. मला वाटायचं, माझ्या हाताला चव नाही, माझ्या बोलण्यात माया नाही, नाहीतर पोटी मूल नसलेल्या बाईला ते जमतच नसेल.

त्या संध्याकाळी मी बाबांना खोलीत नेलं. त्यांनी भिंत पाहिली आणि खाटेवर बसले. म्हणाले, सत्यभामानं, तुझ्या आईनं, केलं होतं. तू पाच वर्षांची असताना तुला रात्री अंधाराची भीती वाटायची, म्हणून तिनं मिरचीसाठी आणलेल्या मोरचुदातला थोडा काढून चुन्यात कालवला आणि तुला सांगितलं की ही मळ्यातली विहीर आहे, आपण तिच्या काठावर झोपतो. पुढच्या तीन दिवाळ्यांना तुम्ही दोघींनी मिळून तो रंग दिला. चौथी यायच्या आत ती तापानं गेली.

मी विचारलं, "तुमाले माहीत होतं, मंग तेव्हा बोलले काऊन नाही?"

खाटेची दोरी चाचपत ते म्हणाले, "तू नवी होती. एवढ्या हौसेनं चुना भिजवला होता. काय बोलू? आन् पोरीले काय सांगू? दोघींच्या मधी मले काही सुचलंच नाही."

मी रागावले नाही. या माणसाला वांग्यावरची कीड दुरून दिसते, पण घरातल्या माणसाला काय झालं हे कधी विचारता येत नाही. तुझं नि माझं बारा वर्षांचं अंतर त्यांच्या एका न बोललेल्या वाक्यात मावलं होतं, आणि त्यांनी ते कुणाचं वाईट व्हावं म्हणून धरून ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी किसनरावाला म्हटलं, या खोलीत डिस्टेंपर नको. सगळा पांढरा चुना काढा आणि तोच रंग द्या. तो कुरकुरला. म्हणाला, लोक म्हणतील किसनरावानं पैसे घेऊन चुना मारला, माझं नाव जाईल. शिवाय बारा थर अख्ख्या खोलीचे काढायचे म्हणजे चार दिवस जास्त, दोन माणसांची मजुरी. बाबा हिशेब करू लागले. मी पेटीतून माझे कोथिंबीर-मेथीचे साठलेले बत्तीस रुपये आणून पाटावर ठेवले. मग किसनरावानं पुन्हा विडीचं पाकीट काढलं. डिस्टेंपर वाचलं ते वजा केलं, चार दिवसांची मजुरी धरली आणि सगळं मिळून एकशे एकोणसाठ झाले. म्हणजे त्यानं पहिल्या दिवशी मागितलेले एकशे साठ, एक रुपया कमी. तो रुपया त्यानं मुद्दाम सोडला, असं मला वाटतं.

काम मात्र त्यानं नावाला जागून केलं. मोरचूद लोखंडी बादलीत कालवू दिला नाही, खराब होतो म्हणून मातीचं मडकं मागितलं. जुन्या तुकड्याशेजारी तीनदा रंग लावून, वाळवून पाहिला. पहिला फार निळा, दुसरा मेलेला, तिसरा जुळला. शेवटचा हात मी दिला. त्यानं कुंचला माझ्या हातात दिला आणि विडी प्यायला बाहेर गेला. मनात मी सत्यभामाबाईंना सांगितलं की मला माहीत नव्हतं. आणखी काय सांगणार? त्या बाईला मी कधी पाहिलंही नाही. पण मळ्यातल्या उन्हातून येऊन त्या खोलीत शिरलं की डोळे निवतात, हे मात्र मला आता ठाऊक आहे. तुझे बाबा हल्ली दुपारी तिथंच पडतात आणि घोरतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गेल्या मंगळवारी बाजारात तुमच्या सुलतानपूरच्या जनकाबाई भेटल्या. त्यांनी मला माहीतच असेल असं समजून सांगितलं, की तुझं पहिलं बाळंतपण तिकडेच होणार, कारण माहेरी करणारं कुणी नाही असं तू सासूबाईंना म्हणालीस. घरी येऊन बाबांना विचारलं, तर त्यांना पौषापासून ठाऊक होतं. पण त्यांना वाटलं, जुनाट घरात यायला तुला संकोच वाटत असेल, म्हणून त्यांनी रंगारी आणला. मला सांगितलं नाही, कारण मला लागेल. मला लागलं, आशा, खोटं कशाला सांगू? पण रडले नाही. तू खोटं बोलली नव्हतीस. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून तुला तसंच वाटत आलं आणि त्याचं कारण मला कुणी सांगितलं नाही. तेव्हा आता मीच बोलते. मला बाळंतपणाचा अनुभव नाही, पण मंजुळाबाई सुईण चार घरं सोडून राहते आणि सरकारी नर्सबाई आठवड्यातून दोनदा गावात येते, दोघींशी बोलून ठेवलं आहे. तुला इथं यावंसं वाटलं, तर बाबा न्यायला येतील. नाही वाटलं, तरी मी रागावणार नाही. मग चैत्राच्या सुरुवातीला मीच बोचकं बांधून सुलतानपूरला येईन. सासूबाईंना सांग, वेगळं अंथरूण नको, मान नको, त्या सांगतील ते काम करीन, पाणी तापवीन, धुणं धुवीन. बाळंतपण कुठं करायचं ते तू ठरव. मी तिथं असेन.

तुझीच,
रुक्मिणीमावशी