शिबिरातली रिकामी जागा

चि. ऋतुजा,

पुण्याच्या कॉलेजचं उन्हाळी शिबिर आज संपलं. अकरावीच्या पोरींना महिनाभर प्रयोगशाळेत काम करायला मिळतं, म्हणून तुझा अर्ज मीच भरला होता. निवड झाली तेव्हा पेढे घेऊन जामखेडहून तुमच्या वस्तीवर आले. तुझे वडील ऊसतोडीवरून नुकतेच परतले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, म्हयनाभर पोरगी ऱ्हानार कुटं?"

"होस्टेलवर," मी कौतुकानं सांगितलं.

त्यांनी पेढा खाल्ला नाही. आठव्या दिवशी तुझं लग्न लागलं. तुला सतरावं चालू होतं. आता दसऱ्यानंतर तुम्ही दोघं नवरा-बायको जोडीनं ऊस तोडायला जाल.

बोहल्यावरून तू माझ्याकडेच बघत होतीस. बालविवाह कळवायचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मी अक्षता टाकल्या.

कॉलेजनं मुलगी का आली नाही ते लेखी मागितलं. मी लिहिलं, 'विद्यार्थिनी आजारी आहे.'

हे पत्र तुझ्या सासरी पाठवणार नाही. तिथं ते तुझ्याआधी दुसरंच कुणी वाचेल.

तुझ्या लग्नात जेवून आलेली,
स्टेला मॅडम