वीस किलोचं माप

सोमवार, ४
माफ कर, वही. आठवडाभर उशीर झाला. बोटं सुजलीत, पेन धरवत नाही. धाकट्या भावाची किडनी मला बसवली त्याला दोन महिने झाले. अंगाने ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी मूठभर गोळ्या. त्या गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं! बायको म्हणते, "रागाने फुगलात की गोळ्यांनी, तेच कळेना झालंय." हस, हस!

रोज सकाळी वजन करून दवाखान्यात फोनवर कळवायचं. आज दोन किलो जास्त. एका रात्रीत? काटा खोटा! चाळीस वर्षं दुकानदारांचे काटे दुरुस्त केले — मला शिकवतो? मागचा स्क्रू फिरवला. आता बरोबर.

बुधवार, ६
परत जास्त. परत फिरवला.

गुरुवार, ७
पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. चप्पल चढत नाही. पाणी मात्र पेल्याने मोजून देतात, माझ्याच घरात!

संध्याकाळी धाकट्याचा रोजचा फोन — "दादा, आज वजन किती?"
"तुझ्या डोक्याएवढं!"
"अरे, सांग तरी."
माझा ताबा सुटला. "मालच खोटा दिलास! घे काढून परत!"
तो एवढंच म्हणाला — "बरं, दादा."

शनिवार, ९
जिन्यात दम कोंडला. उचलून दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्यावर चार किलो जास्त. डॉक्टरीणबाई भडकल्या. "आजोबा, किडनी उत्तम चाललीय! पाणी गोळ्यांमुळे साठतंय. ते उतरवायचं औषध तुमच्या वजनावरच ठरतं. रोज काय कळवत होतात?"
म्हणालो, "काटा दाखवेल ते."

सोमवार, ११
घरी आलो. माळ्यावरून माझं जुनं वीस किलोचं माप काढायला लावलं. काट्यावर ठेवलं. सोळा!

लोकांचा काटा कधी माप ठेवून बघितल्याशिवाय उघडला नाही. स्वतःचा उघडला. गाढव!

धाकटा चार दिवस फोन उचलत नाही. शेवटी भावजयीला लावला. म्हणाली, "डॉक्टरांकडे खेटे घालतायत. दादाला माझी दुसरी बसवता येईल का, विचारतायत."

अरे, तुझ्याकडे तेवढी एकच उरलीय! तुझ्या मालात खोट नव्हती रे. फोन उचल. लवकर उचल.