उत्तर ‘नाही’ असल्यास थेट प्रश्न ४० कडे जा

३ फेब्रुवारी
संस्थेचा प्रोजेक्ट मिळाला! विषय: ज्येष्ठांचा एकटेपणा. सहाशे घरी पोस्टाने प्रश्नावली जाणार. ज्याची त्याने स्वतः वाचायची, स्वतः भरायची, मध्ये कोणी नाही. संकल्प: महिन्याभरात चाळीस प्रश्न, एकही फालतू नाही. बायको म्हणाली, एकटेपणाच बघायचाय तर मागच्या खोलीत जा, तुमचे वडील आहेत तिथे. तिला सॅम्पलिंग कळत नाही.

११ फेब्रुवारी
सांगाडा तयार. प्रश्न ४ माझा लाडका: ‘गेल्या आठवड्यात घरातलं कोणी तुमच्याशी निवांत बसून बोललं का?’ ‘हो’ असेल तर कोण, किती वेळ, कशाबद्दल, असे पुढचे पस्तीस प्रश्न. ‘नाही’ असेल तर थेट प्रश्न ४० कडे जा. उगाच म्हाताऱ्या माणसाला कशाला पिळायचं? इतका बारीक विचार कोण करतं हल्ली?
बाबा दोनदा दाराशी येऊन गेले. काम चाललंय म्हटलं. प्रश्नावली झाली की एक अख्खा रविवार त्यांचा. ठरलं.

१९ फेब्रुवारी
रविवार होता. ‘कधी कधी’ आणि ‘क्वचित’ यांत नेमका फरक किती, यातच गेला. ताईचा फोन. बाबा फोनवर हूं हूं करतात फक्त, काय झालंय, म्हणाली. वय झालंय म्हटलं. मोठी बहीण असली की लांबून काळजी करणं सोपं असतं.
आजपासून खोलीचं दार लावून बसणार. एकाग्रता!

२ मार्च
संस्थेतले सर म्हणाले, छपाईआधी कोणा एकाकडून भरून घ्या. लांब कशाला जायचं? बाबांना फॉर्म दिला. एकदम खूश. चष्मा पुसला, माझ्यासाठी खुर्ची पुसली, पलंगाशी ओढली. म्हणाले, “तू वाच ना. मी सांगतो, तू लिही.”
समजावलं, की विचारणारा समोर असला की उत्तरं बिघडतात. त्याला बरं वाटावं म्हणून माणूस खोटं बोलतो. एकट्यानेच भरायचं. बरं म्हणाले. खुर्ची परत भिंतीला लावून ठेवली. काम कसं पद्धतशीर झालं.

३ मार्च
घोर निराशा. पहिली चार उत्तरं, मग पस्तीस प्रश्न कोरे. चाळीसाव्याला, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ याला चार ओळींची जागा सोडली होती. लिहिलंय काय, तर ‘समोर सांगेन.’ हे उत्तर आकडेवारीच्या कुठल्या कोडमध्ये बसवू? जन्मदाता, पण सहकार्य शून्य. खरं तर रागच आला होता, पण संशोधकाने राग धरू नये. ‘अपूर्ण’ असं लाल पेनने लिहून फाइलला लावला.

१४ मार्च
बाबा सकाळी खोलीत पडले. बायको बाजारातून आली तेव्हा कळलं. मी घरातच होतो, दार लावून, अक्षराचा आकार ठरवत. धप्पकन आवाज आला होता. वरच्या मजल्यावरचा वाटला.
उजवी बाजू गेली. वाचाही. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर... वाचा येईल परत. हल्ली केवढे उपचार निघालेत.

२६ मार्च
सरांनी फाइल चाळली. लाल अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, “अपूर्ण कुठे आहे? चारला ‘नाही’ म्हटलंय, मग सरळ चाळीसला गेलेत. तुम्हीच सांगितलंत ना तसं?” प्रश्नावली छान चालते म्हणाले, छापायला टाका. फॉर्म कोणी भरलाय ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
जिन्यात बराच वेळ बसलो. लाज वाटली.

९ एप्रिल
बाबांना घरी आणलं. खुर्ची पुसली, पलंगाशी ओढली. पद्धत गेली खड्ड्यात. पहिल्यापासून मोठ्याने वाचत गेलो, कोरे पस्तीसही. ते माझ्याकडेच बघत होते. डावा हात चादरीवर थोडा हलला.
चाळीसावा वाचला. पेन उघडून बसलो. बायकोने येऊन दिवा लावला तेव्हा कळलं, अंधार पडलाय. तिने फॉर्म काढून घेतला नाही.
उद्या परत विचारीन.