पालथं कार्ड

३ सप्टेंबर, बिश्केक

लागलो बुवा कामाला! सकाळी काराकोलच्या गाडीतून उतरलो आणि दुपारी माझ्या हातात दुकानाच्या किल्ल्या. आई असती तर म्हणाली असती, तिलेक, आता तरी एका जागी बूड टेकव. टेकवतो.

दुकान जुन्या पाचमजली इमारतीच्या अर्ध्या तळघरात आहे. खिडकी छताला लागून, त्यामुळे बाहेरची फक्त पावलं दिसतात. एक बाई एकच मोजा घालून गेली का, की मलाच तसं दिसलं? असो. इथे सिनेमे करणाऱ्या पोरांना सामान भाड्याने मिळतं. म्हणजे स्टुडिओवाल्यांना नाही. तीन मित्र, एक उसनी गाडी, एक गोष्ट, असल्यांना. फडताळात कॅमेरे, नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं, अस्तर लावलेल्या खणांत लेन्स, कोपऱ्यात थंडीत एकमेकींना टेकलेल्या शेळ्यांसारख्या तिपाया.

मालक कुबात, सगळे त्यांना बाइके म्हणजे दादा म्हणतात, पूर्वी टीव्हीत कॅमेरामन होते. तीस वर्षं कॅमेरा वाहून उजवा खांदा खाली गेलाय. त्यांनी विचारलं, किती दिवस टिकशील? म्हटलं, हिवाळ्यापर्यंत तरी. ते हसले. म्हणाले, याआधीचा पोरगाही हेच म्हणाला होता, वारा कुठे टिकतो. तेव्हापासून मला ‘वारा’च म्हणतात.

झोपायला मागची खोली. खाट करकरते, पण मॉस्कोत सामान पोचवत फिरायचो तेव्हा खोलीत आम्ही अकरा जण होतो, त्यामानाने हा महाल.

५ सप्टेंबर

नियम एकच आहे. कॅमेऱ्यातलं कार्ड, नखाएवढं ते, पालथं ठेवलेलं असेल तर त्यात कुणाचं तरी काम आहे, हात लावायचा नाही. सुलटं असेल तर मोकळं. बाइके म्हणतात, रंगीत पट्ट्या लावून पाहिल्या, पण उन्हाळ्यात त्या सुटतात आणि माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना लाल काय नि हिरवं काय. उलटं-सुलटं आंधळ्यालाही कळतं.

सुलट्या कार्डांचं काम माझ्याकडे. पुसायचं, कॅमेऱ्यात घालायचं, कॅमेरा मागच्या चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि काठोकाठ भरेपर्यंत चालू ठेवायचा. मग कुठे अडकतंय का ते तपासून पुन्हा पुसायचं. बाइके याला ‘भिंतीचा सिनेमा’ म्हणतात. म्हणतात, आपल्याकडचा एकमेव सिनेमा, ज्यात कुणी वाईट नट नाही.

आज सायकाल एजे आली, सिनेमा करणाऱ्यांतलीच. एजे म्हणजे ताई, आणि बोलतेही तशीच, दम देते. मी तिला कॅमेऱ्याची पिशवी उलट्या खांद्यावर दिली तर म्हणाली, घोड्याला खोगीरही असंच शेपटाकडून घालतोस का रे? तिची आई बुरुल आपा अत्-बाशीकडच्या गावात असते. मेलेल्यासाठी गायची जुनी शोकगाणी, कोशोक, तिच्याइतकी आता कुणालाच येत नाहीत. एजेला ती टिपायची आहेत, पण म्हातारी ऐकत नाही. म्हणते, घरात मढं नसताना कोशोक गायचा नसतो, रिकामा गायलेला कोशोक आपला धनी शोधत फिरतो. एजे हसतच सांगत होती. म्हणाली, मी तिला पटवीन. तिने माइकवरची केसाळ टोपी कुत्र्याच्या पिल्लासारखी कुरवाळली आणि गेली.

१६ सप्टेंबर

बुरुल आपा परवा गेल्या.

सामान अत्-बाशीच्या ड्रायव्हरबरोबर परत आलं. त्याने सांगितलं, दहा तारखेला म्हातारी कॅमेऱ्यासमोर गायली. कुणासाठी गाऊ, तर म्हणे स्वतःसाठीच गाते, म्हणजे कोशोक रिकामा राहायचा नाही. स्वतःचं नाव घालून गायली. चौथ्या दिवशी झोपेतून उठलीच नाही.

एजेचा कॉम्प्युटर बंद पडलाय, म्हणून गाणं सामानाबरोबर आलेल्या एकाच कार्डावर आहे. फोनवर म्हणाली, जपून ठेवा, चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी, बावीस ऑक्टोबरला, नेईन. चाळिसाव्याला सगळ्या गावासमोर लावायचंय.

१७ सप्टेंबर

काय करून बसलो मी.

सकाळी बाइक्यांनी ते कार्ड चहाच्या टेबलावर पालथं ठेवलं आणि फोन घ्यायला बाहेर गेले. मी चहा आणला. नान टेबलावर उलटी पडली होती. आईने लहानपणी किती वेळा हातावर मारलंय, भाकरी पालथी ठेवू नये, घरातली बरकत पालथी होते. मी नान सुलटी केली. बाहेर कुणाचे तरी लाल बूट चालले होते ते बघत होतो. आणि त्याच हाताने, न बघता, शेजारचं कार्डही सुलटं केलं.

मग सुलट्यांत घातलं. पुसलं. भिंत भरली. पुन्हा पुसलं.

दुपारी बाइक्यांनी विचारलं. मी सांगितलं, उघडतच नव्हतं, खराब होऊन आलं. त्यांनी कार्ड उजेडात धरलं, बराच वेळ. मग एजेला फोन लावला. खोलीच्या या टोकाला मला तिचा आवाज ऐकू आला. शब्द नाहीत, नुसता आवाज. शेवटी म्हणाली म्हणे, तरी ठेवा, बावीस तारखेला येते, कुणीतरी उघडेल. पालथंच ठेवा.

त्यांनी ते पालथं ठेवलं. माझ्यासमोर. आत भिंतसुद्धा नाही.

२० सप्टेंबर

आज दुसऱ्याच एका कार्डाची भिंत तपासत होतो. कानाला हेडफोन. चौदाव्या मिनिटाला कुणीतरी श्वास घेतला. गायच्या आधी घेतात तसा. माझाच असेल. मी तिथेच तर बसलेलो असतो.

दुकानात तापल्या तेलाचा वास. गुरुवार आहे, वरच्या बायका मेलेल्यांना वास पोचावा म्हणून पिठाचे बोरसोक तळत असणार.

२५ सप्टेंबर

वर विचारलं. आज मंगळवार, कुणी काही तळलेलं नाही. वास आहे.

आणि आज आवाज आला. म्हातारा, घोगरा, बाईचा. दोन ओळी:

नमद्याच्या घराला दोर किती, मोजून ठेवले मी,
निघणाऱ्याला वाट किती, कुणी मोजली नाही.

माइकमध्ये कुठलातरी रेडिओ शिरला असेल. शिरतो कधी कधी. मी पुसून टाकलं.

२९ सप्टेंबर

एजेचा फोन. बाइके नव्हते, मीच घेतला. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती मलाच धीर देत होती. म्हणाली, बाइके सांगत होते तू फार मनाला लावून घेतलंस, नको घेऊस रे, तुझी काय चूक. गाणं आता आठवतही नाही म्हणाली, कॅमेऱ्याच्या मागे होते ना, माइककडे लक्ष, आवाजाच्या काट्याकडे लक्ष, आईकडे लक्षच नव्हतं. दोनच ओळी राहिल्यात. मग तिने त्या म्हणून दाखवल्या.

नमद्याच्या घराला दोर किती—

मला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. मी म्हटलं, एजे, गिऱ्हाईक आलंय.

४ ऑक्टोबर

प्रत्येक कार्डावर. कुठलाही कॅमेरा घ्या. रोज थोडं जास्त.

आता दिसतंही. भिंतीशी एक पाठ. पांढरं फडकं बांधलेलं डोकं, खांद्यावर काळं. कोशोक गाणारी बाई असते तशी, लोकांकडे पाठ, तोंड भिंतीकडे. ती चालत येत नाही. नसते, आणि मग असते.

बाइक्यांना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाले, भिंत आहे, वाऱ्या, पोपडे धरलेत, वसंतात चुना काढू. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, आज माझ्या घरी चल, मेंढीचं सूप पी. गेलो. दोन वाट्या प्यायलो. चव लागली नाही.

दुसरीकडे उतरवून घ्यायला गेलं की नुसती भिंत उतरते. ती कार्डावरच राहते.

७ ऑक्टोबर

आई गेली तेव्हा मी मॉस्कोत होतो. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत कुणाचं तरी जेवण घेऊन बाराव्या मजल्यावर चढत होतो, मावसभावाने फोनवर तिच्या मातीचं चित्रण पाठवलं. मढं ठेवायला अंगणात उभारलेलं नमद्याचं घर, त्याच्याकडे हंबरडा फोडत येणारे पुरुष. मुलगा सगळ्यांत पुढे असायला हवा. अंगणातून ‘आई गं’ म्हणून ओरडत यायचं, म्हणजे आतल्या बायका कोशोक सुरू करतात. पुढे कुणी नव्हतं. आत गायला मुलगी नव्हती.

मी जिन्यात उभा राहून ते तीनदा पाहिलं. मग जेवण पोचवलं. माणूस म्हणाला, थंड झालंय.

हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज कार्डावरची पाठ बघताना वाटलं, असं कुणीतरी तिच्यासाठी बसायला हवं होतं.

११ ऑक्टोबर

पळालो. स्टँडवर गेलो, ओशच्या गाडीत बसलो. शेजारच्या माणसाच्या फोनवर कुस्ती नाही फुटबॉल नाही, त्याच्या पोरीच्या वाढदिवसाचं चित्रण. मेणबत्त्या, टाळ्या. आणि मागच्या भिंतीशी, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाठ करून—

उतरलो.

बाइक्यांनी चहा ओतला.

१५ ऑक्टोबर

आता जवळजवळ पूर्ण ऐकू येतं. कुठे थांबतं तेही कळलं.

बिनखोगीर काळा घोडा दाराशी उभा,
त्याच्यावर बसून कोण गेलं, कोण गेलं गं—

इथे नाव हवं. इथे ती थांबते. एका श्वासाएवढं मोकळं. मग पुन्हा पहिल्या दोरापासून.

त्या जागी तिचं स्वतःचं नाव होतं. मी ते पुसलं. कोशोक रिकामा झाला. म्हातारीने सांगितलं होतं काय होतं ते.

१७ ऑक्टोबर

तिचं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. बुरुल आपा, बुरुल आपा. घसा बसेपर्यंत.

थांबली नाही. मातीत गेलेल्याचं नाव आता चालत नाही, जित्याचं हवं—

ती जिथे थांबते, तिथे डोकं किंचित वळवते. कान देते. माझ्या बाजूला.

१९ ऑक्टोबर

नाव मिळालं तर गाणं पुरं होईल. पुरं झालं तर राहील, असं मनाने घेतलंय. एजेला आईचा आवाज मिळेल. मंगळवारी चाळिसावा. सगळं गाव बसेल आणि पडदा कोरा—

मी एजेला फोनवर खरं सांगितलं. आज. सगळं. नान, लाल बूट, खोटं. ती म्हणाली, मरून जावंस असं म्हणावंसं वाटतंय रे, पण आईच्या सुतकात वाईट तोंडातून काढायचं नाही. फोन ठेवला.

म्हटलं असतंस तरी चाललं असतं, एजे.

बाइक्यांनी ऐकलं. खाली गेलेल्या खांद्याने माझ्याशेजारी बसले. म्हणाले, खरं बोललास, आता झोप. आणि: या वेळी पळू नकोस.

२१ ऑक्टोबर, रविवार, दुपार

दुकान बंद. खिडकीत ऊन. पावलं नाहीत.

तेच कार्ड घेतलंय. एजेचं. कॅमेरा तिपाईवर, तोंड भिंतीकडे. केसाळ टोपीचा माइक. लाल दिवा लागला. मी भिंतीशी बसलोय, मढं ठेवतात त्या बाजूला. वही गुडघ्यावर.

तेलाचा वास.

सुरू झालं. आता हेडफोन लागत नाही.

दोर मोजतेय. किती सुंदर गाते— एजे, तुला काट्याकडे बघावं लागलं. मी तुझ्यासाठी नीट ऐकतोय.

काळा घोडा. कोण गेलं, कोण गेलं गं—

मी म्हटलं, तिलेक. अनाराचा मुलगा.

गायली.

माझं नाव. आणि मग थांबलीच नाही, पुढे गेली, पुढे किती होतं ते. आईचं नावही त्यात. आई, तुझ्यासाठीही गातेय—

बाहेर पुरुष ओरडत येताहेत. अंगणातून. बरेच. खिडकीत पावलं नाहीत. कुणीतरी सगळ्यांत पुढे आहे, त्याचा आवाज माझ्यासारखा—

संपलं. दिवा गेला. भिंत.

उठून कार्ड काढलं. ऐकून पाहिलं. आहे. सगळं आहे, सबंध. तिच्या आवाजात. एजे, आहे

पाय गेले. टेबलाशी खाली बसलो. डावी बाजू गार. कार्ड हातातून टेबलावर पडलं— पडताना छापील बाजू वर दिसली—

सुलटं पडलंय

उद्या सकाळी बाइके येतील, सुलटं दिसलं की पुसतील, भिंत भरतील. हात वर जात नाही. वही दिसेल त्यांना? आधी वही वाचा बाइके, आधी

ते कार्ड कुणीतरी पाल