होळीआधी उरकलेलं काम

प्रिय आरोही,

तू आत्ता पाच महिन्यांची आहेस. हे पत्र तुला अठरावं वर्ष सरल्यावर मिळेल. मी ते माझ्याकडे ठेवणार नाही, मी शिकवते त्या शाळेतल्या नीलाबाईंकडे देणार आहे, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. तोवर तुला आत्या फार लाडाची वाटत असेल. लाड करीनच. पण घरच्यांनी तुला जे कधीच सांगायचं नाही असं ठरवलंय, ते कुणीतरी सांगायला हवं. ऐकायला ते बरं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या मंगळवारी तुझं ऑपरेशन झालं. तू जन्मलीस तेव्हा नर्सबाईनं तुला दोनदा निरखून पाहिलं आणि कागदावर मुलगा की मुलगी ती जागा तशीच कोरी सोडली. मग तपासण्या झाल्या. तू मुलगी, पण शरीरातल्या एका ग्रंथीच्या दोषामुळं पोटात असतानाच तुझं अंग थोडं मुलासारखं वाढलेलं. त्यावरचं औषध तुला आयुष्यभर लागेल. ते चुकवू नकोस, त्याच्यावाचून जीवावर बेतेल. कापायची मात्र काही गरज नव्हती. हे माझं म्हणणं नाही. दवाखान्यातली तरुण डॉक्टरीणच म्हणाली, "तिला काही त्रास नाही. मोठी होऊ द्या, मग तिलाच विचारा." त्यावर तुझे आजोबा, म्हणजे माझे बा, प्रेमसिंग आडे, तिला म्हणाले, "बाई, होळी तोंडावर आली. नायकाला काय सांगू?"

त्या बिचारीला काय कळणार! आपल्या तांड्यावर वर्षभरात जन्मलेल्या मुलग्यांची होळीला धुंड होते. लेकरू मांडीवर घ्यायचं, वर एक काठी आडवी धरायची आणि दारात जमलेल्या तरुणांनी आपापल्या काठ्या तिच्यावर वाजवत गाणं म्हणायचं. धुंड कुणाकुणाकडे आहे ते नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, आधी कळवावं लागतं. तुझ्या घरून उत्तरच जाईना. तुझी आई दार लावून तुला न्हाऊ घालायची, आणि बाहेर बाया विचारायच्या, "काहून गं, दाखवून न्हाई राहिलीस लेकरू?" मुलगी म्हणून सांगावं, तर अंग पाहून कुणी मानलं नसतं. होळीच्या आत हो किंवा नाही सांगता यावं, एवढ्यासाठी तुला टेबलावर घातलं.

बांना एवढी धास्ती होती, कारण एकदा ते चुकले होते. चौतीस वर्षांपूर्वी त्यांना पहिला मुलगा झाला. सुदाम नाव ठेवलं, बोकड कापला, थाटात धुंड केली. उन्हाळ्यात त्याला ताप आला म्हणून शहरात नेलं, तर तिथला डॉक्टर म्हणाला, ही मुलगी आहे, आत्ताच कापून नीट करतो. बा करा म्हणाले. ते सोपंच होतं. अवघड होतं तांड्यावर परत जाणं. ज्याची धुंड झाली त्याची मुलगी झाली, हे कोणत्या तोंडानं सांगणार? मग बांनी डोकं लढवलं. सुदाम दवाखान्यात मेला, असं सांगितलं. घरातला वरवंटा फडक्यात गुंडाळून तांड्यामागं पुरला. माझी याडी, तुझी आजी भिकाबाई, त्या वरवंट्यावर ऊर बडवून रडली. मला हट्टा गावी मावशीकडे ठेवलं आणि पुढच्या वर्षी ऊसतोडीवरून परतताना सोबत आणलं. सांगितलं, तिथं दुसऱ्या बाळंतपणात मेलेल्या बाईची ही थोरली पोर, नाव शितल.

अशी मी स्वतःच्याच आईबापाच्या घरात उचलून आणलेली पोर म्हणून वाढले. तुझे वडील जगन माझ्या पाठचे. राखी प्रेमानं बांधून घ्यायचे, पण भांडण झालं की "तू आमची न्हाईस" म्हणायला त्यांना क्षणही लागायचा नाही. दर होळीला एखादी म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "आज सुदाम असता तर तुझ्याएवढाच असता गं." मी मान हलवायचे. मलाही त्या सुदामची फार दया यायची.

एकोणिसाव्या वर्षी पत्र्याच्या पेटीत दवाखान्याचा कागद सापडला. सुदाम प्रेमसिंग आडे, वय नऊ महिने. सुदामवर काट मारून वर शितल लिहिलेलं. बांना विचारलं तर म्हणाले, "मेलेल्याचं काहून उकरून राहिलीस? तू जिती हाईस न्हवं?" तोवर आणखी दोनदा कापून झालं होतं, गाठ आहे असं सांगून. दरवेळी शिकाऊ डॉक्टर वाकून वाकून पाहायचे, आणि याडी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. उरलं काय ते सांगते, कारण कदाचित तुलाही तेच उरेल. एक वण, तो थंडीत ओढतो. आणि जिथं काही वाटायला हवं तिथं काहीच वाटत नाही. तुझे आतोबा हरिचंद जवळ आले की मी दात आवळून पडून राहते. तुझ्यात जीवच नाही, असं ते म्हणतात. चांगला माणूस आहे, तरी मी त्यांना कारण सांगितलेलं नाही.

इथवर वाचून तू आजोबांवर दात धरशील. धर, ते त्याच लायकीचे आहेत. पण त्यांचं काही चाललं नव्हतं. डॉक्टरीण आईच्या सहीवाचून हात लावायला तयार नव्हती, आणि तुझी आई सही करीना. शिला, दहावी नापास, घरात कधी वर मान करून न बोललेली, एकटी अडून बसली. "डॉक्टरीण थांबा म्हणली, मी थांबते," एवढंच म्हणायची. जगननं आदळआपट केली, बा दोन दिवस जेवले नाहीत, पण ती हलली नाही. शेवटी याडीनं तिला माझी गोष्ट सांगितली. चौतीस वर्षं शिवलेलं तोंड उघडलं ते यासाठी. म्हणाली, "बघ, शितल कशी शिकली, मास्तरीण झाली, संसार करून राहिली. तिलाच इचार जा."

शिला तुला घेऊन मला भेटायला हिंगोलीच्या स्टँडवर आली. बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाली, "ताई, तुमी सांगाल तसंच करते. खरं सांगा, काई तकलीफ व्हते का?" आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, त्यामुळं भीतीपोटी बोलले असंही मला म्हणता येत नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू तिच्या मांडीवर पाय झाडत होतीस, सबंध, अंगावर एक टाका नसलेली, आणि मला तुझा संताप आला. मलाच एकटीला का, असं मनात आलं. मी म्हणाले, "न्हाई गं. लहानपणी केलेलं कळत बी न्हाई. उरकून टाका." तिनं माझे पाय धरले आणि सुटल्यासारखी रडली. सोमवारी तिनं सही केली. मोठी झालीस की ती तुला सांगेल, तुझ्यासारखीच आत्या आहे, तिच्याकडे जा, ती समजून घेईल. तू येशील, माझ्या गळ्यात पडून रडशील, आणि मला ते फार आवडेल. तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

तुझीच,
शितल आत्या